किटलीतील कंकर

लखनौचे नाव निघाले की बोलण्यातील अदब, चिकनचे नाजूक भरतकाम आणि मलिहाबादचा दसेरी आंबा या गोष्टी प्रथम आठवतात. मराठी माणसाच्या मनात त्यांच्या जोडीला आणखी एक नाते असते. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले आणि पुढे पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून त्याची धुरा दीर्घकाळ वाहिली. त्यानंतर १९५१ साली केंद्रीय औषधी संशोधन संस्था त्याच शहरात सुरू झाली. अशा संस्थांच्या, रेल्वेच्या, बँकांच्या आणि केंद्र सरकारच्या कचेऱ्यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे लखनौस जात राहिली व आजही जातात. अशा कुटुंबाला तेथील भाषेचे वळण अंगवळणी पडण्यापूर्वी तेथील पाण्याचे वळण ओळखावे लागते.

मुंबईहून किंवा कोकणातून गेलेल्या गृहिणीच्या हे चार दिवसांतच ध्यानात येते. साबण कितीही घासला तरी फेस मनासारखा येत नाही. तूरडाळ शिजावयास अधिक वेळ घेते. नळाच्या तोटीभोवती पांढरे वलय दिसू लागते. चहाच्या पाण्याची किटली महिन्याभरात आतून राखट पांढरी होते आणि तिच्या तळाशी नखाने न निघणारा एक खरखरीत थर बसतो. थंडी सुरू झाल्यावर बादलीत सोडावयाचा विजेचा रॉड बाहेर काढला, तर त्याच्या वेटोळ्यांवर चुना फासल्यासारखे पुट दिसते. पाणी तर स्वच्छ, नितळ होते. मग हा थर आला कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो.

या प्रश्नाचे उत्तर भांड्यात नाही, भूमीत आहे. लखनौ शहर गंगेच्या विस्तीर्ण गाळाच्या मैदानात, गोमतीच्या दोन्ही तीरांवर वसलेले आहे. हा गाळ हिमालयातून नद्यांनी हजारो वर्षे वाहून आणला. त्यात वाळू आणि चिकणमाती आहे तसा चुनखडीचा अंशही आहे. या गाळाचा जो जुना व उंच भाग, त्याला तिकडे भांगर म्हणतात. भांगर जमिनीत थोडे खणले की पांढरट, ओबडधोबड, आल्याच्या गड्ड्यासारखे खडे सापडतात. त्यांना तेथील लोक कंकर म्हणतात. दख्खनच्या काळ्या जमिनीत आणि नद्यांच्या काठी मिळणारे चुनखडीचे खडे ज्याने पाहिले असतील, त्याला हा कंकर परका वाटणार नाही. रसायनशास्त्राच्या भाषेत दोन्ही मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटच होत.

या कंकराने लखनौवर मोठे उपकार केले आहेत. नवाब असफउद्दौला यांच्या कारकिर्दीत, १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून बडा इमामबाड्याचे बांधकाम सुरू झाले. त्याचे मधले दालन सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असून त्याच्या छताला तुळईचा किंवा मधल्या खांबाचा आधार नाही. पातळ लखौरी विटा आणि चुना यांच्या जोरावर ती प्रचंड कमान दोन शतकांहून अधिक काळ उभी आहे. अवधच्या प्रदेशात बांधकामाचा चुना मिळे तो हाच कंकर भट्टीत भाजून. भाजताना त्यातील वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घालून केलेला गारा विटांच्या सांध्यांत भरला की तो हवेतून तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड बनतो.

चुन्याच्या या येण्याजाण्याचे मर्म त्या वायूत आहे. स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक याने आपले प्रयोग १७५६ साली प्रसिद्ध केले, तेव्हा हा वायू प्रथम नीट ओळखला गेला. चुनखडीसारख्या पदार्थांत एक विशिष्ट ‘हवा’ बांधलेली असते आणि ती उष्णतेने किंवा आम्लाने मोकळी करता येते, असे त्याने दाखविले. जुन्या मराठी पुस्तकांतून त्या हवेला कर्बाम्ल वायू म्हणत. आज शाळकरी मुलगाही तिला कार्बन डायऑक्साइड या नावाने ओळखतो. किटलीत थर का बसतो आणि तो कसा काढावा, या दोन्ही प्रश्नांची किल्ली ब्लॅकच्या याच निष्कर्षात आहे.

पावसाचे पाणी आकाशातून पडते तेव्हा त्यात चुना नसतो. परंतु हवेतून आणि विशेषतः मुळांनी व जीवजंतूंनी भरलेल्या मातीतून झिरपताना ते कर्बाम्ल वायू शोषून घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी कंकराच्या थरातून जाऊ लागले म्हणजे एरवी पाण्यात जवळजवळ न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट बायकार्बोनेटच्या रूपाने विरघळते. नलिकाकूपातून वर येणारे पाणी म्हणूनच डोळ्यांना नितळ दिसते, पण त्याच्या पोटात अदृश्य चुना असतो. गोमतीही बर्फाच्या नद्यांपैकी नव्हे. ती पिलीभीत जिल्ह्यातील माधोटांडा येथील तळ्यातून निघते आणि पावसाचे व भूगर्भातील झऱ्यांचे पाणी घेत वाहते. त्यामुळे नळ गोमतीच्या पाण्याचा असो की नलिकाकूपाचा, कमीअधिक प्रमाणात चुना त्यात असावयाचाच.

आता हे पाणी तापविले म्हणजे घडलेली क्रिया उलट होते. उष्णतेने कर्बाम्ल वायू बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो आणि ज्याच्या आधाराने चुना विरघळला होता तो आधारच नाहीसा होतो. मग कॅल्शियम कार्बोनेट घनरूपात बाहेर पडते. साखर-मिठासारखे पदार्थ गरम पाण्यात अधिक विरघळतात. या पदार्थाचा स्वभाव नेमका उलटा, पाणी जितके गरम तितका तो कमी विरघळतो. म्हणूनच तो भांड्याच्या सर्वांत तप्त भागावर आधी बसतो: किटलीच्या तळावर, रॉडच्या वेटोळ्यावर, गीझरच्या तापक नळीवर. थोडक्यात, जमिनीखाली हजारो वर्षांत जे कंकर तयार झाले, त्यांचीच एक लहानशी खाण प्रत्येक घरातील किटलीत रोज सकाळी सुरू होते.

पाण्यातील या चुन्याचे माप एका लिटरमागे किती मिलिग्रॅम, असे देतात. साधारणतः ६० पर्यंतचे पाणी सुफेन, १२० पर्यंतचे मध्यम, १८० पर्यंतचे दुष्फेन आणि त्यापुढचे अति दुष्फेन समजतात. भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यासाठी २०० ही इष्ट मर्यादा ठरविली असून दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत दिली आहे. लखनौमधील अनेक ठिकाणचे भूजल २०० ची रेषा ओलांडते. याउलट मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांतून मिळणारे पाणी हे काळ्या पाषाणावर साठलेले पावसाचेच पाणी. ते बरेच सुफेन. म्हणून मुंबईत वर्षानुवर्षे स्वच्छ राहिलेली किटली लखनौस महिन्यात पांढरी होते. मराठवाड्यात विंधनविहिरीच्या पाण्यावर संसार करणाऱ्याला मात्र या अनुभवात काही नवल वाटणार नाही.

चुन्याची मात्रा किती होते याचा एक साधा हिशेब करता येतो. समजा, लिटरमागे ३०० मिलिग्रॅम दुष्फेनता असलेले १०० लिटर पाणी एका घरातील गीझरमधून रोज जाते. म्हणजे रोज ३० ग्रॅम चुना त्यातून ये-जा करतो. त्याचा केवळ दहावा हिस्सा आत अडकला, तरी रोज ३ ग्रॅम आणि थंडीच्या चार महिन्यांत ३६० ग्रॅम, म्हणजे पाव किलोहून अधिक दगड त्या लहानशा टाकीत जमा होतो. प्रत्यक्षातील प्रमाण पाण्याच्या प्रकारावर आणि तापमानावर कमीजास्त होईल. परंतु दर हिवाळ्यास गीझर दुर्लक्षिणे म्हणजे काय, याची कल्पना या आकड्यावरून येते.

हा थर पोटात गेल्यास अपाय होतो काय, अशी शंका अनेकांच्या मनात असते. चहाच्या पेल्यात तरंगणारा पांढरा कण पाहून माणूस दचकतो. वस्तुतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही शरीराला लागणारीच द्रव्ये आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनतेसाठी आरोग्याच्या कारणास्तव कोणतीही मर्यादा ठरविलेली नाही. दुष्फेन पाणी प्याल्याने मुतखडा होतो हा समज सर्वत्र पसरलेला असला तरी तो सिद्ध झालेला नाही. तेव्हा किटलीतील थराला विष मानण्याचे कारण नाही. धोका पिण्यात नसून तापविण्यात आहे आणि तो अधिक बारकाईने समजून घेण्याजोगा आहे.

तांबे उष्णता फार सुलभतेने वाहून नेते. चुन्याचा थर त्या कामी तांब्यापेक्षा शेकडो पटींनी निकृष्ट ठरतो. बाहेरून ज्वालेने तापविण्याच्या भांड्यात, उदाहरणार्थ लाकडाच्या बंबात किंवा गॅसवरच्या पातेल्यात, थर बसला की उष्णता पाण्यात न शिरता धुराबरोबर निघून जाते आणि तेवढेच पाणी तापविण्यास अधिक जळण लागते. विजेच्या उपकरणात तापक नळी पाण्यातच बुडालेली असल्याने उष्णता शेवटी पाण्यालाच मिळते, जळणाची नासाडी तितकी होत नाही. पण थराच्या आवरणाखाली ती नळी स्वतः प्रमाणाबाहेर तापते. तिचे बाह्य कवच फुगते, तडकते आणि एके दिवशी जळून जाते. कवच तडकल्यावर विजेचा प्रवाह पाण्यात उतरण्याचा संभव निर्माण होतो. जमिनीशी जोड, म्हणजे अर्थिंग, नीट नसलेल्या घरात ही गोष्ट प्राणावर बेतू शकते.

याहून गंभीर प्रश्न गीझरच्या सुरक्षा-झडपेचा आहे. बंद टाकीतील पाणी तापले की प्रसरण पावते. तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट बिघडला तर आत वाफ कोंडू लागते. तेव्हा वाढलेला दाब बाहेर सोडणारी झडप हाच शेवटचा रक्षक. चुन्याने तिचे तोंड चिकटून गेले तर तो रक्षक असून नसल्यासारखा होतो आणि टाकी फुटण्याची वेळ येते. गळणारी झडप त्रासदायक म्हणून तिला बूच मारणारे लोक आढळतात; यासारखा घातक उपाय दुसरा नाही. झडपेतून पाणी तापताना थोडे थेंब गळणे हे तिच्या जिवंतपणाचे लक्षण आहे.

थर काढावयाचा तो कसा? येथे ब्लॅकचा दुसरा निष्कर्ष कामी येतो. चुना उष्णतेने सुटेल एवढ्या तापमानाला घरातील भांडे नेता येत नाही. पण आम्लाने तो सहज सुटतो. आम्ल पडताच थरावर फसफस दिसते. कर्बाम्ल वायू निघून जात असल्याची ती खूण होय, आणि कॅल्शियम विद्राव्य रूपात पाण्यात उतरते. मराठी घरात तांब्याचा बंब चिंचेने घासण्याची रीत जुनी आहे. त्या चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्यावरील काळपटपणा घालवी आणि थोडाफार चुनाही सैल करी. लखनौस त्याच कामासाठी लिंबू आहे, आणि उसाच्या किंवा जांभळाच्या रसापासून केलेला सिरका तर घरोघरी असतो. हेतू एकच: आम्ल चुन्याला पुरेल इतके तीव्र, पण धातूला व हाताला सोसेल इतके सौम्य असावे.

किटलीसाठी कृती सोपी आहे. विजेची किटली असल्यास तिचा खालचा विजेचा भाग कधीही पाण्यात बुडवू नये. साधा पांढरा सिरका, म्हणजे ४ ते ५ टक्क्यांचे व्हिनेगर, आणि तितकेच पाणी किटलीत थर बुडेल एवढे घ्यावे, ते गरम करून वीज बंद करावी आणि तासभर तसेच ठेवावे. सिरक्याचा वास नको असेल तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम या प्रमाणात घ्यावे. लिंबूसत्त्वाचे पाणी मात्र उकळू नये. फार तापविल्यास कॅल्शियम सायट्रेट हा दुसराच अविद्राव्य पदार्थ तयार होऊन पुन्हा तळाशी बसतो. फसफस थांबली म्हणजे पाणी ओतून द्यावे, सुटलेला थर मऊ चिंधीने पुसावा, थर राहिलाच तर तीच कृती पुन्हा करावी आणि शेवटी दोन वेळा साधे पाणी उकळून फेकावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आम्ल फार वेळ ठेवू नये.

बादलीत सोडावयाच्या रॉडच्या बाबतीत दक्षता अधिक हवी. प्रथम प्लग काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नव्हे. रॉड पूर्ण निवू द्यावा. प्लॅस्टिकच्या बादलीत वरीलप्रमाणे लिंबूसत्त्वाचे पाणी करून त्यात फक्त वेटोळी बुडतील अशा बेताने तो उभा ठेवावा. वरचा मुठीचा व तारेचा भाग कोरडा राहिला पाहिजे. तास-दीड तासाने थर मऊ झाला की तो लाकडी चमच्याने किंवा जुन्या दातांच्या ब्रशाने निघतो. सुरीने किंवा लोखंडी काथ्याने खरवडल्यास वरील निकेलचा मुलामा जातो आणि उघड्या पडलेल्या धातूवर पुढचा थर अधिक घट्ट बसतो. धुतलेल्या रॉडवर तडा, फुगवटा किंवा हिरवट डाग दिसला, तर तो पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा. नवा रॉड माणसाच्या जिवापेक्षा केव्हाही स्वस्त पडतो.

साठवणीच्या गीझरचे काम जाणत्या कारागिराकडून करवून घेणे योग्य. परंतु त्याने काय केले पाहिजे हे गृहस्थाला ठाऊक असावे. मुख्य फलकावरून वीज तोडणे, पाणी निवू देणे, आत येणाऱ्या पाण्याची चावी बंद करणे, टाकी रिकामी करणे, तापक नळी बाहेर काढून सौम्य आम्लात भिजविणे आणि टाकीच्या तळाशी साठलेला चुन्याचा चुरा धुऊन काढणे, हा तो क्रम. याच वेळी टाकीतील मॅग्नेशियमची कांडी पाहून घ्यावी. टाकीच्या पोलादाऐवजी स्वतः झिजून जाण्यासाठीच ती बसविलेली असते. ती संपली की गंज टाकीकडे वळतो. सुरक्षा-झडप हाताने उघडून तिच्यातून पाणी मोकळे येते की नाही, याचीही खात्री करावी. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळ घरात नसेल, तर ती बसविण्याची हीच योग्य वेळ.

गॅसच्या गीझरमध्ये तांब्याची अरुंद नळी वेटोळ्याने फिरविलेली असते. तिच्यात चुना साठला की पाण्याची धार बारीक होत जाते. तिची स्वच्छता घरी करण्याच्या भरीस पडू नये. ते काम तज्ज्ञाचेच. या उपकरणाचा खरा धोका मात्र चुन्याहून निराळा आहे. बंद न्हाणीघरात तो चालू राहिला तर हवेतील प्राणवायू घटतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित, प्राणघातक वायू साठू शकतो. म्हणून तो न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत असणे हेच श्रेयस्कर.

सौम्य आम्लाने काम सावकाश होते आणि सावकाशीचा कंटाळा येऊन काही जण तीव्र आम्लाकडे वळतात. लखनौच्या बोलीत सौम्य तो सिरका आणि तीव्र ते तेजाब. दोन्ही आम्लेच, पण एक स्वयंपाकघरातले आणि दुसरे कारखान्यातले. संडास धुण्याच्या द्रवातही बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते चुना क्षणात खाते हे खरे. पण चुना संपल्यावर ते थांबत नाही, धातू खाऊ लागते. तापक नळीला त्यामुळे सूक्ष्म छिद्रे पडतात आणि जो अपघात टाळण्यासाठी सारा खटाटोप केला तोच ओढवतो. कोणतेही आम्ल ब्लीचिंग पावडरीशी किंवा तत्सम द्रवाशी मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. लहानशा, दार लावलेल्या न्हाणीघरात त्याचे परिणाम भयंकर होतात.

बसलेला थर काढण्यापेक्षा तो बसू न देणे बरे, हा विचार जुनाच आहे. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी १८४१ साली दुष्फेन पाण्यात मोजून चुन्याची निवळी मिसळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. चुना काढण्यासाठी चुनाच घालावयाचा हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते; पण ती निवळी पाण्यातील मोकळा वायू आणि बायकार्बोनेट यांना गाठते आणि सारा चुना तळाशी बसवते. ही पद्धत शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात शोभते, घरात नव्हे. घरासाठी आज राळेच्या मण्यांतून पाणी गाळून त्यातील कॅल्शियमच्या जागी सोडियम देणारी यंत्रे मिळतात. गीझरच्या तोंडाशी बसविण्याच्या पॉलिफॉस्फेटच्या नळकांड्याही मिळतात. त्या चुना काढून टाकीत नाहीत, पण त्याला घट्ट बसू देत नाहीत. चुंबक लावून पाणी सुधारते असा दावा करणारी साधनेही बाजारात आहेत, परंतु त्यांच्या उपयोगाविषयी प्रयोगांत एकवाक्यता नाही.

यंत्राशिवायही बरेच साधते. गीझरचा अंक ७० ऐवजी ५० ते ५५ अंशांवर ठेवल्यास थर कमी बसतो आणि अंग भाजण्याची भीतीही कमी होते. मात्र असे कोमट पाणी दिवसेंदिवस टाकीत साठवून ठेवू नये, कारण कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढू शकतात. साठवणच करावयाची तर पाणी ६० अंशांपर्यंत तापलेले असावे. सर्वांत उत्तम म्हणजे गरजेपुरते तापवून संपविणे. किटलीत रात्रीचे पाणी ठेवून सकाळी त्यावरच नवे पाणी ओतण्याची सवय सोडावी. रॉड काढल्यावर लगेच कोरड्या फडक्याने पुसला, अर्थात प्लग काढून आणि तो निवल्यावर, तर दिवसाचा थर दिवशीच निघतो. पावसाळ्यात पन्हाळीचे पहिले मळके पाणी सोडून पुढचे स्वच्छ भांड्यात धरले, तर कपडे धुण्यास त्यासारखे सुफेन पाणी दुसरे नाही.

आणि या साऱ्याहून मोठा उपाय म्हणजे नेमलेला दिवस. वाफेच्या इंजिनांच्या काळात रेल्वेच्या इंजिन-शेडांतून एक शिस्त पाळली जात असे. इंजिन सुरळीत चालत आहे म्हणून त्याचा बॉयलर तसाच ठेवीत नसत. ठरलेली मुदत भरली की आग विझवून तो आतून धुतला जाई, मग त्यातून मूठभर चुना निघो की टोपलीभर. थर दिसू लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो, हे तेथील कारागिरांना अनुभवाने पटले होते. घरातील गीझर हाही एक छोटा बॉयलरच आहे. लखनौस दिवाळीनंतर सकाळी गारवा जाणवू लागतो आणि जानेवारीत किमान तापमान सात-आठ अंशांपर्यंत उतरते. चौकात समोवारांतून गुलाबी काश्मिरी चहा विकला जाऊ लागण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या साफसफाईतच, गीझर व रॉड एकदा धुवावा, थंडी सरल्यावर होळीच्या सुमारास दुसऱ्यांदा. आणि किटली दर महिन्याला.

भूमीचा स्वभाव बदलता येत नाही. अवधच्या मातीत कंकर आहे तोवर तेथील पाण्यात चुना राहणार आणि पाणी तापले की तो बाहेर येणार. त्याच चुन्याने इमामबाड्याची कमान पेलली आहे. तो विटांच्या सांध्यात असावा हे इष्ट. तापक नळीवर आणि झडपेच्या तोंडाशी नसावा, एवढेच पाहणे गृहस्थाच्या हाती असते. त्यासाठी लागतो तो रुपयाचा खर्च थोडा आणि शास्त्राचा आधार साधा: उपकरण निवलेले, वीज तोडलेली, आम्ल सौम्य आणि दिवस ठरलेला. या चार गोष्टी सांभाळणाऱ्या घरात हिवाळ्याच्या पहाटे पाणी वेळेवर तापते, आणि अंघोळीला गेलेल्या माणसाची काळजी घरच्यांना करावी लागत नाही.